‘मोड’ शोध, म्हणजे सापडेल: कोडमधली फाइल शब्दावरून नाही, अर्थावरून शोधताना

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आज एका आजींच्या दोन हजार रुपयांपासून सुरुवात करतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका छोट्या कंपनीत होतो. पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. नाव सांगत नाही, कारण त्याची गरज नाही. एके दिवशी एका पतसंस्थेच्या व्यवस्थापकांचा फोन आला. त्यांच्याकडे एका आजींची दोन लाखांची मुदतठेव होती. दवाखान्यासाठी पैसे लागले म्हणून त्यांनी ती वर्षभरातच मोडली. एक वर्षाचा दर ८ टक्के, मुदतीआधी मोडली म्हणून १ टक्का कमी, म्हणजे ७ टक्क्यांनी १४,००० रुपये व्याज मिळायला हवं होतं. पावतीवर आले १२,०००. आजींनी पाटीवर हिशेब केला होता म्हणे, आणि त्या काउंटरवरून हलायला तयार नव्हत्या. बरोबरच होतं त्यांचं.

आता हे व्याज कुठल्या फाइलमध्ये निघतं ते शोधायचं होतं. प्रोजेक्टमध्ये हजाराच्या वर फायली. मी ‘प्रीमॅच्युअर’ शोधलं, एकही ओळ नाही. ‘पेनल्टी’ शोधलं, तर कर्जाचे हप्ते थकल्यावर लागणारा दंड सापडला, ठेवीचा नाही. ‘एफडी’ शोधलं, तर इतक्या ओळी आल्या की स्क्रीन वर सरकत राहिली. ‘क्लोजर’, ‘ब्रेक’, ‘विथड्रॉवल’... दीड दिवस गेला.

शेवटी ज्यांनी ते सॉफ्टवेअर मुळात लिहिलं होतं त्या सरांना फोन केला. ते कंपनी सोडून गेले होते. 

"सर, ठेव मुदतीआधी बंद केली की व्याज कुठे निघतं?"

"अरे, ‘मोड’ शोध. एम ओ डी. ठेव मोडणे म्हणतो ना आपण?"

मी ‘मोड’ शोधलं. मॉड्यूल, मॉडेल, मॉडिफाय, मोड... जगातले सगळे एम ओ डी येऊन बसले. परत फोन.

"‘टीएच मोड’ नावाची फाइल बघ रे. टीएच म्हणजे ठेव."

सापडली. पण त्या फाइलमधला हिशेब अगदी बरोबर होता! चूक दुसऱ्याच फाइलमध्ये निघाली. पावती छापणारी जी फाइल होती, तिच्यात कुणीतरी नंतर दंडाचा १ टक्का पुन्हा वजा केला होता. दर आधीच कमी झालेला, वर आणखी दोन हजार कापले. ही दुसरी फाइल सापडायला आणखी दीड दिवस. एकूण तीन दिवस.

ही गोष्ट सांगायचं कारण असं, की ते सर म्हणजे आमचं सिमँटिक सर्च होतं. त्यांना मी माझ्या शब्दांत प्रश्न विचारला आणि त्यांनी तो कोडच्या शब्दांत फिरवून दिला. मधलं भाषांतर त्यांच्या डोक्यात होतं. तेच काम मशीनकडून करून घेता येतं का, कितपत येतं, आणि कुठे फसतं, हा आजचा विषय.

अडचण नावाची आहे

१९८७ साली बेलकोरमधल्या फर्नास, लँडॉवर, गोमेझ आणि ड्यूमे या संशोधकांनी एक निबंध लिहिला. माणूस आणि संगणक यांच्यातली शब्दसंग्रहाची अडचण, असा त्याचा विषय. लोकांना निरनिराळ्या गोष्टींना नावं द्यायला सांगितली, अगदी एडिटरच्या कमांडपासून पाककृतींपर्यंत. निष्कर्ष असा की दोन माणसं एकाच गोष्टीसाठी आपणहून एकच शब्द निवडतील याची शक्यता २० टक्क्यांहूनही कमी. म्हणजे पाच वेळा प्रयत्न केला तर चार वेळा तुम्ही लिहिलेला शब्द आणि कोड लिहिणाऱ्याचा शब्द जुळणारच नाही. मी दीड दिवस घालवला तो मूर्ख होतो म्हणून नाही, हे हा निबंध वाचल्यावर कळलं. जिवाला जरा बरं वाटलं.

ग्रेपला हे माहीत नसतं, आणि त्याने ते माहीत असल्याचा आव कधी आणलाही नाही. केन थॉम्पसनने ग्रेप १९७३ च्या सुमारास युनिक्ससाठी लिहिलं. त्याआधीच्या ‘ईडी’ या एडिटरमध्ये संपूर्ण फाइलभर एखादा नमुना शोधून त्या ओळी छापायच्या असतील तर जी, मग नमुना, मग पी असं लिहायचं. नमुन्याच्या जागी आर ई, म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन. जी-आरई-पी, झालं ग्रेप. अक्षरं जुळली की ओळ दाखवायची. पन्नास वर्षं झाली तरी माझा पहिला हात तिकडेच जातो, आणि जायलाही हवा. पण त्यासाठी नेमका शब्द माहीत पाहिजे.

अर्थाला पत्ता कसा देतात

किराणा दुकानात जा आणि म्हणा, "फोडणीचं सामान द्या." दुकानदार मोहरी, जिरं, हिंग, हळद पुढ्यात ठेवतो. यातल्या एकाही पुडीवर ‘फोडणी’ लिहिलेलं नसतं. त्याच्या डोक्यात या वस्तू जवळजवळ आहेत, कारण गिऱ्हाईक वर्षानुवर्षं त्या एकत्र नेतात. अक्षरांशी त्याचा संबंध नाही.

एम्बेडिंग मॉडेल हेच करतं, फक्त आकड्यांत. मजकुराचा एक तुकडा दिला की मॉडेल आकड्यांची एक लांब यादी परत देतं. हिला व्हेक्टर म्हणतात, शाळेत आपण सदिश म्हणून शिकलो तोच. काही छोट्या मॉडेलमध्ये ३८४ आकडे असतात, काहींत ७६८, काहींत १५३६. एकेका आकड्याचा अर्थ विचारू नका, कुणालाच सांगता येत नाही. सगळे मिळून तो तुकडा एका मोठ्या अवकाशात कुठे बसतो ते सांगतात. अर्थाने जवळचे तुकडे जवळ, लांबचे लांब.

जवळ म्हणजे किती, हे दोन व्हेक्टरमधल्या कोनावरून काढतात. समजा यादीत दोनच आकडे आहेत. तुमचा प्रश्न (०.८, ०.६). एक फाइल (०.६, ०.८). पहिल्याला पहिल्याने गुणा, दुसऱ्याला दुसऱ्याने गुणा, बेरीज करा: ०.४८ अधिक ०.४८, म्हणजे ०.९६. दुसरी फाइल (-०.६, ०.८). उणे ०.४८ अधिक ०.४८, शून्य. पहिली फाइल प्रश्नाला चिकटून आहे, दुसरीचा काही संबंध नाही. शोध म्हणजे एवढंच, फक्त दोन आकड्यांऐवजी ३८४ आकड्यांवर.

हे शिकतं कसं? मॉडेलला लाखो जोड्या दाखवतात, एका बाजूला फंक्शन आणि दुसऱ्या बाजूला त्याच्याच डोक्यावर लिहिलेलं माणसाच्या भाषेतलं वर्णन. खऱ्या जोडीला जवळ आण, भलत्या जोडीला लांब ढकल, हाच व्यायाम परत परत. गिटहबने २०१९ मध्ये कोडसर्चनेट नावाचा असा मोठा साठा खुला केला. गो, जावा, जावास्क्रिप्ट, पीएचपी, पायथन, रूबी या ६ भाषांमधली साधारण २० लाख फंक्शनं वर्णनासकट, आणि परीक्षेसाठी ९९ प्रश्न. या भाषांची यादी लक्षात ठेवा. यात मराठी कुठेच नाही, इंग्रजी अक्षरांत लिहिलेली तर नाहीच नाही. याचा त्रास पुढे होणार आहे.

एक खरं उदाहरण: जँगो

जँगोचा कोड सगळ्यांना उघडा आहे, त्यामुळे घरी करून बघता येईल असं उदाहरण घेऊ. प्रश्न साधा: "युजर काही दिवसांनी आपोआप लॉगआउट होतो, ते कुठे ठरतं?"

ग्रेपवाला माणूस ‘लॉगआउट’ शोधणार. त्याला ऑथ फोल्डर सापडेल, तिथलं लॉगआउट फंक्शन, लॉगआउट व्ह्यू आणि त्यांच्या चाचण्या. सगळं खरं, पण सगळं निरुपयोगी. कारण तो कोड माणसाने बटण दाबल्यावरचा आहे. आपोआप बाहेर पडणं हे सेशनची मुदत संपल्यामुळे होतं, आणि ते सेशन्स फोल्डरमध्ये आहे. बॅकएंड्सच्या आत बेस डॉट पाय, त्यात गेट एक्स्पायरी एज आणि सेट एक्स्पायरी ही फंक्शनं. कुकीला मुदत चिकटवण्याचं काम सेशन्सचं मिडलवेअर करतं. आणि मुळात दोन आठवडे ही मुदत ग्लोबल सेटिंग्जमध्ये सेशन कुकी एज या नावाने लिहिलेली आहे. यातल्या गाभ्याच्या ओळींत ‘लॉगआउट’ नाही. तिथले शब्द एक्स्पायरी, एज, कुकी.

गंमत अशी, की तुम्ही हुशारीने आकडा शोधायला गेलात तरी फसता. दोन आठवड्यांचे सेकंद १२,०९,६००. पण त्या सेटिंगच्या ओळीत हा आकडा नाहीच. तिथे लिहिलंय ६० गुणिले ६० गुणिले २४ गुणिले ७ गुणिले २. वाचणाऱ्याला सोपं, शोधणाऱ्याला अवघड.

अर्थावरून शोधलं की ‘आपोआप बाहेर पडणं’ आणि ‘एक्स्पायरी’ एकमेकांजवळ येतात. मात्र पहिल्या झटक्यात बेस डॉट पाय सगळ्यात वर येईल अशी आशा ठेवू नका. बऱ्याचदा वर येतात त्या चाचण्यांच्या फायली आणि माहितीपुस्तिका. का? कारण चाचण्यांची नावं माणसाने माणसासाठी लिहिलेली लांबलचक वाक्यं असतात, आणि तुमचा प्रश्नही वाक्यच असतो. वाक्याला वाक्य जवळचं वाटतं. मला यात काही वाईट वाटत नाही. चाचणीची फाइल उघडली की तिच्यातूनच मूळ फाइलचा पत्ता मिळतो. पण यादीत चाचण्या वेगळ्या दाखवल्या तर बरं, नाहीतर पहिल्या दहातल्या सात जागा त्याच खातात.

फाइल कापायची कशी

मंडळी, इथे जरा थांबून ऐका, कारण बहुतेकांचं गाडं इथेच अडतं.

मीही पहिल्यांदा हे केलं तेव्हा अख्खी फाइल मॉडेलला दिली. लोकप्रिय असं छोटं मॉडेल घेतलं होतं, मिनी एलएमच्या घराण्यातलं, लॅपटॉपवर चालणारं. शोध चालला, पण उत्तरं काहीच्या काही. कुठल्याही प्रश्नाला साधारण त्याच त्याच फायली. दोन संध्याकाळी डोकं खाजवल्यावर कळलं, की ते मॉडेल मुळात फक्त पहिले २५६ तुकडे वाचतं. तुकडे म्हणजे टोकन, शब्दापेक्षा थोडे लहान. त्यापुढचं ते गपचूप टाकून देतं. एरर नाही, सूचना नाही. आणि आमच्या प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला काय होतं? कॉपीराइटची वीस ओळींची पाटी आणि त्याखाली इंपोर्ट. म्हणजे मी हजार फायलींच्या हजार एकसारख्या पाट्यांचं इंडेक्स बनवलं होतं. मॉडेलची काहीच चूक नव्हती.

तर फाइल कापावी लागते. ठरावीक ओळींनी कापली, समजा दर पन्नास ओळींना, तर फंक्शनच्या पोटातून सुरी जाते. वरच्या तुकड्यात नाव राहतं, खालच्यात काम. दोन्ही अर्धवट. त्यापेक्षा कोडची रचना समजून फंक्शन किंवा क्लासच्या सीमेवर कापलेलं चांगलं. ट्री-सिटर नावाचं साधन हे बऱ्याच भाषांसाठी करतं. कोडचं झाड बनवून देतं, त्याच्या फांद्यांवर कापायचं.

पण नुसता कापलेला तुकडा पोरका होतो. ‘सेव्ह’ नावाचं फंक्शन प्रोजेक्टमध्ये चाळीस ठिकाणी असेल, त्याच्या आतल्या चार ओळींवरून ते कशाचं सेव्ह आहे हे मॉडेलला कसं कळणार? म्हणून प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर त्याचा पत्ता लिहायचा: फोल्डर, फाइल, क्लास. लग्नपत्रिकेवर नुसतं ‘चि. राहुल’ लिहून चालत नाही, कुणाचा राहुल ते लिहावं लागतं, तसं. एवढ्या एका बदलाने आमच्याकडे जो फरक पडला तो मॉडेल बदलूनही पडला नव्हता.

आणि शेवटी तुम्हाला फाइल हवी असते, तुकडा नाही. मग तुकड्यांच्या गुणांवरून फाइलचा क्रम लावायचा. मी फाइलमधल्या सगळ्यात चांगल्या तुकड्याचा गुण धरतो. काही जण वरच्या तीन तुकड्यांची बेरीज करतात. सगळ्या तुकड्यांची बेरीज मात्र करू नका, मोठ्या फायली नुसत्या वजनावर वर येतात.

साठवण्याबद्दल लोक फार घाबरतात. दहा हजार तुकडे, प्रत्येकी ३८४ आकडे, आकड्याला ४ बाइट: साधारण १५ एमबी झालं. मोबाइलच्या चार-पाच फोटोंएवढं. एवढ्यासाठी वेगळा व्हेक्टर डेटाबेस, त्याचा सर्व्हर, त्याचं महिन्याचं बिल, कशाला? सरळ सगळ्यांशी तुलना करा, डोळ्याची पापणी लवेपर्यंत होतं. लाखो-कोटी तुकडे झाले की मग एचएनएसडब्ल्यूसारख्या पद्धती लागतात. त्या सगळ्यांशी तुलना न करता शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारत जवळच्या घरापर्यंत पोचतात.

इंडेक्स ताजं ठेवायला हवं, हेही ओघाने आलंच. गिट प्रत्येक फाइलच्या मजकुराचा हॅश ठेवतच असतं. हॅश बदलला तीच फाइल पुन्हा करायची.

कुठे फसतं

पहिलं म्हणजे याला ‘नाही’ म्हणता येत नाही. ग्रेपने शून्य ओळी दिल्या तर तीही एक माहिती असते: हा शब्द इथे नाही. सिमँटिक सर्च मात्र कायम दहा फायली हातात ठेवतं. जे अस्तित्वातच नाही ते विचारलं तरी त्यातल्या त्यात जवळचं आणून देतं, अदबीने. नवीन माणूस मग त्या दहा फायलींत दिवस घालवतो.

दुसरं, नेमकी नावं. एरर कोड, टेबलाचं नाव, एखादं विचित्र व्हेरिएबल. तिथे अर्थ नावाची गोष्टच नसते, ग्रेपच वापरा.

तिसरं जास्त धोक्याचं. विरुद्ध अर्थाच्या गोष्टी या अवकाशात शेजारी बसतात. अपलोड आणि डाउनलोड, परवानगी देणं आणि नाकारणं. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये तर जमा आणि नावे! दोन्हींच्या आसपास तेच शब्द: खातं, रक्कम, तारीख, शिल्लक. मॉडेलच्या दृष्टीने सख्खी भावंडं, आणि पतसंस्थेच्या दृष्टीने एकाच्या जागी दुसरं म्हणजे पोलीस. म्हणून सापडलेली फाइल उघडून वाचायची, नुसत्या क्रमावर विश्वास ठेवून बदल करायचा नाही.

त्यामुळे जाणती मंडळी दोन्ही शोध एकत्र चालवतात. एक शब्दांचा, त्यासाठी बीएम२५ नावाचं जुनं आणि भक्कम सूत्र आहे. दुर्मीळ शब्दाला जास्त वजन द्यायचं, ही त्यामागची कल्पना कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्येच मांडली होती. दुसरा शोध अर्थाचा. मग दोन याद्या मिसळायच्या. दोन्हींचे गुण वेगळ्या मापाचे असतात, किलोत लिटर मिळवता येत नाहीत. म्हणून गुण सोडून फक्त क्रम घ्यायचा: प्रत्येक यादीत फाइलचा जो क्रमांक असेल त्यात ६० मिळवा, १ ला त्याने भागा, दोन्ही याद्यांची बेरीज करा. समजा एक फाइल दोन्हीकडे तिसरी आहे. दोनदा १/६३, म्हणजे साधारण ०.०३२. दुसरी फाइल एकीकडे पहिली आणि दुसरीकडे नाहीच. १/६१, म्हणजे ०.०१६. दोन्ही पंचांनी बरी म्हटलेली फाइल जिंकली. २००९ मधली ही युक्ती आहे, आणि तिच्या साधेपणाच्या मी प्रेमात आहे.

आता तुम्ही म्हणाल, कोड लिहून देणारे एआय असिस्टंट आहेत की, ते शोधतीलच. शोधतात. काही आतून असंच व्हेक्टर इंडेक्स वापरतात, काही ग्रेपच दहा वेळा वेगवेगळ्या शब्दांनी चालवतात. दुसरी पद्धत ऐकून मला हसू आलं, कारण मी दीड दिवस तेच करत होतो. पण त्यांना इंग्रजीतले समानार्थी शब्द भराभर सुचतात, आणि दमायला होत नाही. 

एक सावधगिरीची गोष्ट: इंडेक्स बाहेरच्या सेवेवर बनवत असाल तर तुमचा कोड बाहेर जातोय. "कोड नाही, नुसते आकडे साठवतो" असं कुणी म्हटलं तरी निर्धास्त होऊ नका. २०२३ मध्ये संशोधकांनी दाखवलं की एम्बेडिंगवरून मूळ मजकूर परत काढता येतो. ३२ टोकनांपर्यंतच्या छोट्या मजकुरात तर ९२ टक्के वेळा अक्षरन् अक्षर जुळला. ग्राहकाशी गुप्ततेचा करार असेल तर मॉडेल आपल्याच मशीनवर चालवा.

परत त्या पतसंस्थेकडे

गेल्या वर्षी त्या जुन्या कंपनीतल्या एका मित्राने विचारलं, तोच प्रोजेक्ट आहे, आता तरी काही करता येईल का? आम्ही दोघांनी शनिवार-रविवार बसून इंडेक्स बनवलं. मोठ्या उत्साहाने मी इंग्रजीत प्रश्न टाकला, मुदतीआधी ठेव बंद केल्यावरचं व्याज. ‘टीएच मोड’ पहिल्या पन्नासातही नव्हती.

आधी म्हटलं ना, त्रास होणार. मॉडेल इंग्रजी आणि कोड वाचून शिकलेलं. आणि सरांनी सगळी नावं मराठीतून, इंग्रजी अक्षरांत, वर स्वर गाळून लिहिलेली. ठेव झाली टीएच, व्याज झालं व्हीवायजे. कॉमेंट एकही नाही. मॉडेलला ती नुसती वाळू दिसली.

मग सरांना पुन्हा फोन. आता ते निवृत्त आहेत, गावी शेती बघतात. म्हणाले, "ये घरी, चहा घेऊ." त्यांच्या ओसरीवर बसून दीडेकशे शब्दांची एक यादी केली. कुठला तुकडा म्हणजे कुठला शब्द, आणि इंग्रजीत काय. ती यादी आणि एकेक फाइल आम्ही एका भाषा मॉडेलला दिली, आमच्याच मशीनवरच्या, आणि प्रत्येक फाइलचं दोन ओळींचं वर्णन लिहून घेतलं. इंडेक्स कोडचं न बनवता त्या वर्णनांचं बनवलं.

वर्णनं डोळे झाकून घेतली नाहीत ते बरं झालं. ‘येणे यादी’ नावाची एक फाइल होती. हिशेब लिहिणाऱ्या कुणालाही कळेल, येणे म्हणजे लोकांकडून यायची रक्कम. मॉडेलने लिहिलं होतं: आगमनांची यादी. सर इतके हसले की चहा सांडला. ‘येणे’ आणि ‘देणे’ आमच्या यादीत घालायचेच राहिले होते.

हे सगळं उपयोगी पडतंय का, हे मोजायला एक पद्धत सांगतो, ती मात्र नक्की वापरा. उत्तरपत्रिका तुमच्याकडे आधीच असते. जुन्या तक्रारी काढा, सुटलेल्या. तक्रारीचं वाक्य म्हणजे प्रश्न, आणि ती सोडवताना गिटमध्ये ज्या फायली बदलल्या ते उत्तर. आम्ही अशा चाळीस तक्रारी घेतल्या. प्रत्येक तक्रार शोधात टाकायची आणि खरी फाइल पहिल्या दहात आली का ते बघायचं. नुसत्या कोडच्या इंडेक्सवर चाळीसपैकी नऊ. वर्णनांवर सव्वीस. शब्दशोध मिसळल्यावर एकतीस. ही आमच्या एका प्रोजेक्टची गोष्ट आहे, तुमच्याकडे आकडे वेगळे येतील. पण आकडे असू द्या. "बरं वाटतंय" यावर शोध तपासू नका. आणि एक पथ्य, तक्रार सुटल्यानंतरचा कोड इंडेक्समध्ये घेऊ नका. सोडवणाऱ्याने तक्रारीचेच शब्द कॉमेंटमध्ये लिहिलेले असतात, मग परीक्षेआधीच पेपर फुटतो.

त्या चाळिसांत आजींची तक्रारही होती. व्यवस्थापकांनी तेव्हा फोनवर जे सांगितलं ते तसंच टाकलं, ठेव मोडल्यावर दंड जास्त कापला. दुसऱ्या क्रमांकावर ‘टीएच मोड’. आणि पहिल्या क्रमांकावर पावती छापणारी फाइल, जिच्यात ते दोन हजार दुसऱ्यांदा कापले जात होते.

मित्राने सरांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "ती पावतीची फाइल मी लिहिलेली नाही हं."

शब्दांची यादी कशी बनवायची यावर कुणाला अधिक हवं असेल तर कळवा, एक छोटा भाग करू. भेटू.